डॉ. झाकीर हुसेन आणि टकळीमागील विज्ञान

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या हंगामांवर जगणारे गाव आहे. अशा गावातील मुलाला विज्ञान कशाच्या आधारे शिकवावे, या प्रश्नाचे ठराविक उत्तर सर्वांना पाठ आहे. प्रयोगशाळा हवी, उपकरणे हवीत, प्रशिक्षित शिक्षक हवा आणि या सर्वांसाठी पैसा हवा. पैसा पुरेसा कधीच नसतो. साहजिकच पाठ्यपुस्तकातील आकृती फळ्यावर येते, फळ्यावरून वहीत उतरते आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. या साऱ्या प्रवासात वस्तूला मुलाचा हात लागत नाही आणि त्याच्या मनात प्रश्नही उमटत नाही. वस्तुतः याच जिल्ह्यात १९३७ साली या प्रश्नाचे एक निराळे उत्तर शोधले गेले होते. ते अभ्यासक्रमाच्या रूपाने कागदावर उतरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष शास्त्रज्ञ नव्हते आणि या प्रांतातलेही नव्हते. ते होते अर्थशास्त्राचे डॉक्टर आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन.

अध्यापक महाविद्यालयात वर्धा शिक्षण योजनेवर हमखास एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तीन मुद्द्यांत आटोपते: मूलोद्योग, मातृभाषा आणि स्वावलंबन. या योजनेत विज्ञानाला स्थान होते, किंबहुना संपूर्ण योजनाच मुलाला वैज्ञानिक रीतीने विचार करावयास लावण्यासाठी आखली होती, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. हे विस्मरण कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यावयाचे तर झाकीर हुसेन यांच्या आयुष्याकडे राष्ट्रपतिभवनाच्या बाजूने न पाहता प्राथमिक शाळेच्या बाजूने पाहावे लागेल.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. १९०७ मध्ये ते वारले, तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. चार वर्षांनी प्लेगच्या साथीत आईही गेली. इटावा येथील इस्लामिया हायस्कुलात शिक्षण पुरे करून हा पोरका मुलगा लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात विज्ञान शाखेत दाखल झाला. डॉक्टर व्हावे, ही त्याची इच्छा होती. तथापि आजारपणाने ती वाट अडविली. पुढे अलीगढच्या कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान, इंग्रजी साहित्य आणि अर्थशास्त्र हे विषय घेतले. विज्ञानाची पदवी हुकली, परंतु वस्तू हातात घेऊन निरखण्याची वृत्ती मात्र सुटली नाही. गुलाबांच्या जाती, निरनिराळे दगड आणि जीवाश्म जमविण्याचा छंद त्यांनी राजभवनांत आणि राष्ट्रपतिभवनातही जोपासला.

१९२० च्या ऑक्टोबरात असहकाराच्या चळवळीने अलीगढ ढवळून निघाले. सरकारी अनुदानावर चालणारे कॉलेज सोडून ज्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जामिया मिलिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभी केली, त्यांत तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन आघाडीवर होते. १९२२ मध्ये ते जर्मनीस गेले आणि १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी मिळविली. या वास्तव्यात त्यांना म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनस्टाइनर यांच्या विचारांचा परिचय झाला. त्यांच्या कल्पनेतील कार्यशाळेत मुले पक्ष्यासाठी लाकडी घरटे तयार करीत. मोजमाप, कापणी आणि जोडणी मुलानेच करावयाची. चूक झाली तर गुरुजींनी लाल रेघ ओढण्याची गरज नसे. फळी बसली नाही की चूक डोळ्यांपुढे उभी राही आणि ती कोठे झाली हे मुलालाच शोधून काढावे लागे. अंदाज बांधावा, करून पाहावे, चूक ओळखावी आणि पुन्हा करावे, हा जो विज्ञानाचा शिरस्ता आहे तोच येथे सुतारकामातून अंगवळणी पडत होता. झाकीर हुसेन यांच्या शिक्षणविचारात ही गोष्ट कायमची रुजली.

इकडे जामिया अखेरच्या घटका मोजीत होती. खिलाफतीची चळवळ ओसरल्यावर देणग्या आटल्या होत्या आणि संस्था बंद करावी अशी चर्चा चालू होती. १९२५ मध्ये ती अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत हलविण्यात आली. पुढच्याच वर्षी आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन मित्रांसह झाकीर हुसेन परतले आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी या कर्जबाजारी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की, महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची. बर्लिनची पदवी हाती असलेल्या माणसाला त्या काळी सरकारी दरबारात किंवा विद्यापीठात काय मिळू शकले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या हलाखीतही त्यांचे सर्वांत अधिक लक्ष जामियाच्या प्राथमिक शाळेकडे असे. तेथे मुलांची स्वतःची बँक होती आणि स्वतःचे दुकानही होते. कुलगुरू असूनही ते मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहीत. शाळेत मुलांना मिठाई वाटत असताना आपली लहानगी मुलगी वारल्याची वार्ता त्यांच्या कानी आली, तरी मुलांचा आनंद मोडू नये म्हणून त्यांनी वाटप पुरे केले, अशी हकीकत त्यांचे सहकारी सांगत असत. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या वास्तूची पायाभरणी झाली. त्या काळी अशा समारंभाला एखादा नबाब किंवा मोठा पुढारी बोलावण्याची रीत होती. जामियाने तो दगड आपल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून बसवून घेतला. संस्था कोणासाठी आहे, हे सांगण्याची ती झाकीर हुसेन यांची पद्धत होती.

१९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न ऐरणीवर आला. शिक्षणाचा खर्च मोठ्या प्रमाणात मद्यावरील अबकारी उत्पन्नातून भागत असे. दारूबंदी करावी तर शाळा उघडावयास पैसा नाही, असा हा पेच होता. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर उपाय सुचविला की, मुलांचे सारे शिक्षण एखाद्या उद्योगाच्या द्वारे द्यावे आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेने आपला खर्च भागवावा. या कल्पनेच्या विचारासाठी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. गांधीजी स्वतः अध्यक्षस्थानी होते.

या परिषदेत झाकीर हुसेन यांनी घेतलेली भूमिका त्यांच्या स्वभावाची ओळख पटविणारी आहे. गांधीजींच्या समोर उभे राहून त्यांनी सांगितले की, कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही, निरनिराळ्या नावांनी ती इतरत्र मान्य झालेली आहे. तिचे त्यांनी स्वागत केले. परंतु स्वावलंबनावर अतिरिक्त भर दिला तर शिक्षक मुलांकडून काम पिळून काढणारा मुकादम बनेल, आणि तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा इशाराही त्यांनी दिला. हा इशारा अर्थशास्त्रज्ञाचा होता. ज्या शाळेचे यश सुताच्या वजनावर मोजले जाईल, त्या शाळेत सूत वाढेल आणि शिक्षण घटेल, हे त्यांनी आरंभीच ओळखले. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनीही स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला. गांधीजींचे मोठेपण असे की, अभ्यासक्रम तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी या टीकाकाराकडेच सोपविले. आर्यनायकम हे समितीचे निमंत्रक होते. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी आणि के. टी. शाह ही मंडळी समितीत होती. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, समितीने आपला अहवाल सादर केला.

या अहवालातील वेळापत्रक वरवर पाहणाऱ्यास चकित करते. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे देण्यात आली होती. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, तर समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे होती. उरलेला वेळ व्यायामाला आणि सुटीला होता. विज्ञानाची ही उपेक्षाच नव्हे काय, असे त्या वेळीही अनेकांनी विचारले. परंतु अहवालाचा सांधा नेमका येथेच आहे. ३ तास २० मिनिटांचा उद्योग हीच विज्ञानाची प्रयोगशाळा होती आणि अर्ध्या तासाचा वर्ग हा त्या प्रयोगशाळेत पडलेल्या प्रश्नांची उकल करण्यासाठी होता. निसर्गाचे अचूक निरीक्षण करावे आणि अनुभव प्रयोगाने पडताळून पाहावा, ही सवय मुलाला लावणे हे विज्ञानशिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून समितीने स्पष्टपणे नमूद केले होते. अभ्यासक्रमात निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर आणि आरोग्य यांचा समावेश होता. हवा, पाणी, आम्ले, अल्क आणि क्षार यांचे रसायन होते. ताऱ्यांवरून रात्री दिशा आणि वेळ ओळखणे होते आणि थोर शास्त्रज्ञांच्या आणि संशोधकांच्या कथाही होत्या.

ही योजना रोहण्यासारख्या गावात शब्दशः आणि प्रामाणिकपणे राबविली गेली असती तर काय घडले असते, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. मुलाच्या हाती टकळी आहे. तिची चकती काढून घेतली तर ती लवकर का थांबते? येथे फिरत्या वस्तूच्या गतीचा नियम येतो. चरख्याचे मोठे चाक एक फेरा घेते तेव्हा चात कित्येक फेरे घेते, ते का आणि नेमके किती? येथे परिघांचे गुणोत्तर येते. कोरड्या उन्हाळ्यात सूत वारंवार का तुटते आणि पावसाळी हवेत कमी का? येथे हवेतील ओलावा आणि तंतूचा गुणधर्म येतो. ८४० यार्डांची एक लडी, आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या भरतील तितका सुताचा नंबर, हे गणित तर सूत मोजल्याशिवाय समजतच नाही. सूत रंगवावयाचे म्हटले की क्षार आणि अल्क पुस्तकातून बाहेर पडून बादलीत येतात. ज्या जिल्ह्यातील हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात घेतले जाई, तेथे बोंडापासून कापडापर्यंतची साखळी मुलाच्या घराभोवतीच पसरलेली होती. प्रयोगशाळा विकत आणण्याचे कारण नव्हते. मुलाने का म्हणून विचारावे आणि शिक्षकाने त्या प्रश्नाला सामोरे जावे, एवढेच हवे होते.

परंतु हे एवढेच सर्वांत कठीण असते. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने मूलोद्योगी शिक्षणाचे तत्त्व मान्य केले. त्यानंतर सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले. बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय सल्लागार मंडळाच्या समितीने ग्रामीण भागापासून आरंभ करण्याची शिफारस केली. दुसऱ्या बाजूने राजकारणाचा भडका उडाला. मुस्लिम लीगने या योजनेवर टीकेची झोड उठविली आणि तिच्या शिल्पकारालाही सोडले नाही. १९४६ च्या नोव्हेंबरात जामियाच्या रौप्यमहोत्सवाला त्यांनी नेहरू, आझाद, जीना आणि लियाकत अली यांना एका व्यासपीठावर आणले आणि देशात पेटलेला वणवा विझविण्याची कळकळीची विनंती केली. ती व्यर्थ गेली. १९४७ च्या ऑगस्टात जालंधर रेल्वे स्थानकावर दंगेखोरांच्या तावडीतून त्यांचे प्राण थोडक्यात वाचले. परतल्यावर ते पुन्हा शिक्षणाच्याच कामाला लागले.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळांची संख्या वाढली, पण तिचा आत्मा झिजत गेला. टकळी आली, प्रश्न आला नाही. कित्येक शाळांत अर्धा तास सूत कातणे हा एक तास झाला आणि उरलेला दिवस पूर्वीप्रमाणेच घोकंपट्टीत जाऊ लागला. शिक्षकाला टकळी फिरविण्याचे प्रशिक्षण मिळाले, परंतु तिच्यामागील नियम मुलांकडून शोधवून घेण्याचे फारसे मिळाले नाही. पालकांनाही वाटू लागले की, शहरातील मुले विज्ञान शिकतात आणि आमच्या मुलांना मात्र सूत कातावयास बसवितात. त्यांचा संशय अन्याय्य म्हणता येणार नाही. प्रश्नाविना केलेले काम ही मजुरीच असते आणि मजुरीसाठी मुलाला शाळेत कोण पाठवील?

ही अवनती झाकीर हुसेन यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि ती झाकून ठेवली नाही. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून १९५७ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले होते. १९५८ मध्ये आकाशवाणीवरील पटेल स्मृति व्याख्यानांत त्यांनी देशाच्या शिक्षणाच्या पुनर्रचनेची मांडणी केली आणि मूलोद्योगाच्या नावाखाली जे चालले होते त्यावर कठोर टीका केली. हाताचे प्रत्येक काम शिक्षण देत नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. कामाआधी मनाचे काम झाले पाहिजे. प्रथम प्रश्न स्पष्ट व्हावा, मग तो सोडविण्याची आखणी व्हावी, नंतर प्रत्यक्ष कृती व्हावी आणि शेवटी आपण केलेल्या कामाची आपणच परीक्षा करावी, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. या चार पायऱ्या कोणत्याही प्रयोगवहीत सापडतील. फरक इतकाच की, प्रयोगवहीत त्या बहुधा आधी ठरलेल्या निष्कर्षाकडे नेतात. झाकीर हुसेन यांना त्या मुलाच्या स्वतःच्या प्रश्नातून निघावयास हव्या होत्या.

१९६२ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले, १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपतिपदी आरूढ झाले. दरम्यान कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. मूलोद्योगाची जागा कार्यानुभवाने घेतली. विज्ञान सक्तीचे झाले ही मोठीच प्रगती होती. तथापि विज्ञान आणि हाताचे काम यांचे वेळापत्रकात दोन स्वतंत्र रकाने झाले आणि वर्ध्याच्या अहवालाने जे एकत्र गुंफले होते ते सुटे झाले. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच झाकीर हुसेन यांचे निधन झाले. त्यांचे दफन जामियाच्या आवारात, आपल्या विद्यार्थ्यांच्या सान्निध्यात झाले.

या आयुष्याचा आज विचार करण्याचे कारण केवळ आदरांजलीचे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. सेवाग्रामच्या परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नयी तालीमच्या वाटेने चालते आहे. म्हणजे वर्ध्याचे उत्तर वेगळ्या नावांनी पुन्हा दाराशी आले आहे. परंतु दप्तराविना दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची सहल, आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन म्हणजे बाजारातून आणलेल्या तयार प्रतिकृतींचे प्रदर्शन, असे झाले तर टकळीचीच कथा पुन्हा घडेल. धोरणाचा शब्द पाळला जाईल आणि त्यातील प्रश्न पुन्हा बाहेर राहील.

रोहण्याच्या शिवारात प्रश्नांची वाण नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा का पडतात आणि पहिल्या पावसाने त्या कशा बुजतात? विहिरीचे पाणी दर महिन्याला दोरीने मोजले तर वर्षाअखेर कोणती रेषा दिसते? २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांना देशोधडीला लावणारी गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते म्हणून फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मुलाला बोंड फोडून दाखविता येते. शेतातील कामगंध सापळ्यात रात्रीतून किती पतंग सापडले हे रोज सकाळी मोजून वहीत मांडणारा मुलगा सातवीतच संख्याशास्त्राच्या दारात उभा असतो आणि त्याच्या त्या वहीचा बापाच्या शेतीलाही उपयोग होतो. यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. लागतो तो शिक्षकाचा वेळ आणि मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू, असे मुलासमोर म्हणण्याचे त्याचे धैर्य.

तो वेळ शिक्षकाला मिळावा, ही मात्र शासनाची जबाबदारी आहे. अशैक्षणिक कामांच्या आणि माहितीच्या तक्त्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकाकडून मुलांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होय. शिक्षणाचे यश कशाने मोजावयाचे, हाच अखेर कळीचा मुद्दा आहे. सुताच्या वजनाने मोजल्यास सूत मिळते, गुणांच्या टक्केवारीने मोजल्यास टक्केवारी मिळते. वर्गात महिनाभरात मुलांनी स्वतः होऊन किती प्रश्न विचारले, याची नोंद कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात नसते. ती ज्या दिवशी होऊ लागेल, त्या दिवशी १९३७ च्या डिसेंबरात वर्ध्याला सादर झालेल्या अहवालाची अंमलबजावणी खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे म्हणता येईल.